सलग रेकॉर्डिंगसाठी संगणकाची मेमरी कशी सांभाळावी

घरगुती स्टुडिओत रेकॉर्डिंग चालू असताना सॉफ्टवेअर अडखळले किंवा बंद पडले की संगणकाच्या जुनेपणाला दोष दिला जातो आणि रॅम वाढवण्याचा खर्च केला जातो. पुष्कळदा त्या खर्चाची गरज नसते. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर १६ ट्रॅकचे रेकॉर्डिंग तासन्‌तास सुरळीत चालू शकते आणि ३२ जीबी रॅमचा संगणकसुद्धा एका सदोष प्लगइनमुळे (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडलेल्या इफेक्टच्या किंवा वाद्याच्या छोट्या प्रोग्रॅममुळे) ऐन बंदिशीच्या मध्यावर कोलमडू शकतो. रॅममध्ये काय भरले आहे, डिस्कवर काय लिहिले जात आहे आणि दर काही मिलिसेकंदांनी प्रोसेसरला कोणते काम संपवावेच लागते, या तीन गोष्टींची व्यवस्था आपण कशी लावतो, यावर स्थिरता अवलंबून असते. ती व्यवस्था कशी लावावी, हे येथे क्रमाने मांडले आहे. उदाहरणासाठी विंडोजवरील रीपर आणि काही ठिकाणी ऑडॅसिटी ही सॉफ्टवेअर घेतली आहेत. इतर सॉफ्टवेअरमध्ये मेनूंची नावे बदलतात, पण कामाची पद्धत तीच राहते.

रॅम नेमकी कशावर खर्च होते

रेकॉर्ड होणारा आवाज रॅममध्ये साठत जातो, अशी एक समजूत आढळते. प्रत्यक्षात आजचे प्रत्येक प्रमुख रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर येणारा आवाज थोडा वेळ बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या छोट्या तात्पुरत्या जागेत, धरून लगेच डिस्कवर लिहिते. ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिट या मापाने एका मोनो ट्रॅकला सेकंदाला १,४४,००० बाइट, म्हणजे मिनिटाला सुमारे ८.६ एमबी आणि तासाला सुमारे ५१८ एमबी जागा लागते. असे १६ ट्रॅक तासभर चालले तर साधारण ८.३ जीबी होतात, पण ही जागा डिस्कवरची असते. रॅमवर तिचा भार नगण्य असतो. म्हणूनच तासाभराच्या बैठकीचे रेकॉर्डिंग हे मेमरीच्या दृष्टीने तीन मिनिटांच्या गाण्याइतकेच हलके राहू शकते.

रॅम खाणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. सॅम्पल वाद्यांचे संच, म्हणजे पियानो, व्हायोलिनचा ताफा, हार्मोनियम किंवा तालवाद्यांची ध्वनिमुद्रित लायब्ररी, यांचा वाटा सर्वांत मोठा असतो. त्यानंतर कन्व्होल्युशन प्रकारचे रिव्हर्ब (खऱ्या जागेच्या मुद्रित घुमण्यावरून आवाजाला घुमारा देणारी प्लगइन), सूर दुरुस्त करणारी प्लगइन, प्रत्येक प्लगइनची चित्रमय खिडकी, आणि पूर्ववत करण्याच्या सोयीसाठी साठवलेला इतिहास यांचा क्रम लागतो. त्यांच्या बरोबरीने उघडा ठेवलेला ब्राउझर येतो. दहापंधरा टॅब उघडे असले तर तो एकटाच काही जीबी अडवतो, म्हणून रेकॉर्डिंगपूर्वी त्याला बंद करणे ही सर्वांत स्वस्त सुधारणा आहे.

रॅम कमी पडली की खरखर का येते

हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण पुढचे बहुतेक सगळे उपाय यातूनच निघतात. ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि हेडफोन संगणकाशी जोडणारे उपकरण, सॉफ्टवेअरकडून आवाज छोट्या छोट्या तुकड्यांत मागत असतो. बफरचे माप २५६ सॅम्पल (आवाजाची क्षणोक्षणीची मोजमापे) आणि सॅम्पल रेट (सेकंदाला घेतलेल्या अशा मोजमापांची संख्या) ४८ किलोहर्ट्‌झ असेल, तर असा एक तुकडा ५.३ मिलिसेकंदांचा असतो. तेवढ्या वेळात सर्व ट्रॅक वाचून, सर्व प्लगइनमधून आवाज फिरवून, सर्वांची बेरीज करून ती इंटरफेसच्या हाती द्यावीच लागते. सरासरी काम दोन मिलिसेकंदांत होते, याला येथे अर्थ नाही. हजारात एक तुकडा सहा मिलिसेकंदांचा झाला तरी त्या जागी टिक असा आवाज येतो किंवा खळगा पडतो.

रॅम भरत आली की विंडोज काही काळ न वापरलेली मेमरी डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये हलवते. पुढे एखाद्या प्लगइनने त्या मेमरीला हात घातला की ती डिस्कवरून परत येईपर्यंत त्या प्लगइनचे काम तेथेच थांबून राहते. फिरत्या हार्ड डिस्कला एक जागा गाठायला साधारण १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे असा एकच प्रसंग आपल्या ५.३ मिलिसेकंदांची मुदत ओलांडतो. एसएसडीवर ही वाट पाहणे पुष्कळ कमी असते, तरी एकामागोमाग मेमरीचे अनेक तुकडे (पाने) परत आणावी लागली की तेथेही मुदत चुकते. एसएसडी बसवल्यावर ‘संगणक वेगवान झाला, तरी खरखर गेली नाही’ असे जे सांगितले जाते, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

याच कारणाने चांगले लिहिलेले प्लगइन आवाज चालू असताना नवी मेमरी मागत नाही. लागेल तेवढी ते आधीच घेऊन ठेवते. ही शिस्त न पाळणारी प्लगइन एरवी निर्दोष वाटतात आणि मेमरीची ओढाताण सुरू झाली की अडखळू लागतात. विंडोज रॅम आणि पेजफाइल मिळून असलेल्या आपल्या एकूण मर्यादेशी पोहोचली तर मेमरीची मागणी फेटाळलीच जाते आणि ज्या प्लगइनने त्या नकाराची तयारी केलेली नसते, ते स्वतःबरोबर संपूर्ण सॉफ्टवेअर खाली आणते. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स विभागात मेमरीखाली ‘कमिटेड’ या शीर्षकाचे दोन आकडे दिसतात. पहिला आकडा दुसऱ्याच्या जवळ जाऊ लागला तर ती धोक्याची खूण समजावी.

आधी मोजावे, मग बदलावे

रीपरमध्ये व्ह्यू मेनूतून परफॉर्मन्स मीटर उघडावा. तेथे प्रोसेसरचा एकूण वापर, तत्काळ करावयाच्या कामाचा वापर, सर्वांत जास्त वेळ घेतलेला तुकडा आणि त्याला उपलब्ध असलेला वेळ, रॅमचा वापर आणि डिस्कचे वाचन-लेखन हे सगळे एकत्र दिसते. खालच्या यादीत प्रत्येक ट्रॅकच्या प्लगइनांनी घेतलेला वाटाही दिसतो. यापैकी सर्वांत मोठ्या तुकड्याचा आकडा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. एकूण वापर ३० टक्के असतानाही तो आकडा उपलब्ध वेळेला भिडत असेल, तर रेकॉर्डिंग सुरक्षित नाही.

प्रोजेक्ट उघडून काही मिनिटे वाजू द्यावा आणि रॅमचा आकडा वहीत लिहावा. मग अर्ध्या तासाने पुन्हा पाहावा. सुरुवातीला आकडा वाढणे स्वाभाविक आहे, कारण लाटांची चित्रे तयार होतात आणि सॅम्पल भरले जातात; पण ही वाढ काही वेळाने थांबायला हवी. प्रोजेक्ट नुसता वाजत असताना आकडा सरळ रेषेत चढतच राहिला, तर कोठेतरी मेमरीची गळती आहे, म्हणजे घेतलेली मेमरी परत केली जात नाही. दुसरी चाचणी अशी की, तोच प्रोजेक्ट अनेक वेळा उघडून बंद करावा. प्रत्येक फेरीनंतर उरलेली मेमरी आधीच्या फेरीपेक्षा जास्त होत गेली, तर एखादे प्लगइन जाताना आपली जागा मोकळी करत नाही, असे निदान करता येते.

दोषी प्लगइन शोधणे आणि वेगळे ठेवणे

प्लगइन हे सामान्यतः रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्याच मेमरीत राहते. त्याने चुकून दुसऱ्याच्या जागेत काही लिहिले तर नुकसान कोणाचेही होऊ शकते, आणि सॉफ्टवेअर कोसळते तेव्हा दिसणारा दोषी आणि खरा दोषी एकच असेल याची खात्री नसते. या अडचणीवर उपाय म्हणून काही सॉफ्टवेअरनी प्लगइनला स्वतंत्र प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतःची मेमरी असलेल्या वेगळ्या प्रोग्रॅमच्या रूपात, चालवण्याची सोय दिली. २०१४ साली आलेल्या बिटविग स्टुडिओत ही कल्पना मूळ रचनेचाच भाग आहे. तेथे प्लगइन कोसळले तरी बाकीचे गाणे वाचते. रीपरमध्ये ही सोय एकेका प्लगइनसाठी निवडता येते. इफेक्टच्या यादीत प्लगइनवर उजवी क्लिक केल्यावर ‘रन अॅज’ हा पर्याय दिसतो. त्यात ‘सेपरेट प्रोसेस’ निवडल्यास अशी सगळी प्लगइन मिळून एका वेगळ्या प्रोसेसमध्ये जातात, आणि ‘डेडिकेटेड प्रोसेस’ निवडल्यास त्या प्लगइनला स्वतःची स्वतंत्र प्रोसेस मिळते.

गळतीचा संशय असेल तर संशयित प्लगइनांना एकेक करून डेडिकेटेड प्रोसेस द्यावी. आता टास्क मॅनेजरमध्ये ती रीपर-होस्ट अशा नावाने वेगवेगळी दिसतात आणि कोणाची मेमरी वाढते आहे, हे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. मात्र सगळीच प्लगइन अशी वेगळी ठेवू नयेत. प्रत्येक स्वतंत्र प्रोसेस स्वतःची थोडी मेमरी घेते आणि आवाजाची ने-आण करण्यात प्रोसेसरचा वेळही जातो. ज्याच्यावर संशय आहे किंवा जे जुने असूनही सोडवत नाही, त्यालाच ही वागणूक द्यावी.

जुन्या ३२ बिट प्लगइनांबद्दल माझे मत स्पष्ट आहे: नव्या कामात ती वापरू नयेत. ३२ बिट प्रोसेसला एकूण ४ जीबी इतकाच मेमरीचा पत्ता असतो आणि विंडोजवर त्यातले सामान्यतः २ जीबीच तिच्या वाट्याला येतात. त्यांना ६४ बिट सॉफ्टवेअरशी जोडणारा पूल हा आणखी एक नाजूक दुवा ठरतो. जुन्या गाण्यात असे प्लगइन असेल तर त्या ट्रॅकचा परिणामासहित आवाज नव्या फाइलमध्ये काढून घ्यावा आणि पुढे तीच फाइल वापरावी.

प्रोजेक्ट उघडतानाच सॉफ्टवेअर बंद पडत असेल तर रीपरच्या ओपन प्रोजेक्ट खिडकीत, सर्व इफेक्ट ऑफलाइन ठेवून प्रोजेक्ट उघडण्याचा रिकव्हरी मोड आहे. तो निवडून प्रोजेक्ट उघडावा, वेगळ्या नावाने सेव्ह करावा आणि मग प्लगइन एकेक करून पुन्हा चालू करावीत. ज्याच्यावर आल्यावर सॉफ्टवेअर कोसळते, ते सापडले.

प्रोजेक्ट हलका करणे

येथे एक फरक लक्षात ठेवणे फार उपयोगी आहे. प्लगइन बायपास केले की त्याचे काम थांबते, पण ते मेमरीत तसेच बसून राहते. रीपरमध्ये तेच प्लगइन ऑफलाइन केले की ते मेमरीतून बाहेर जाते आणि त्याच्या सेटिंग्ज मात्र प्रोजेक्टमध्ये शाबूत राहतात. मिक्सिंगसाठी लावलेले जड रिव्हर्ब आणि मास्टर ट्रॅकवरचे, आवाजाची कमाल पातळी रोखणारे लिमिटर नवा गायन-टेक घेण्यापूर्वी ऑफलाइन करून ठेवले, तर मेमरी मोकळी होतेच, शिवाय लिमिटरसारख्या पुढचे पाहून काम करणाऱ्या प्लगइनमुळे वाढलेली लेटन्सी, म्हणजे आवाजाला लागणारा उशीर, हीही नाहीशी होते आणि गायकाला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येण्याची तक्रार मिटते.

पूर्ण झालेल्या वाद्य-ट्रॅकसाठी फ्रीझ ही सोय वापरावी. ट्रॅकवर उजवी क्लिक करून रेंडर व फ्रीझच्या उपमेनूतून ती मिळते. सॉफ्टवेअर त्या ट्रॅकचा परिणामासहित आवाज एका फाइलमध्ये उतरवते आणि प्लगइन बाजूला काढून ठेवते. पुढे बदल हवा असल्यास अनफ्रीझ करून सगळे पूर्ववत आणता येते. भावगीतात किंवा अभंगात सॅम्पल वाद्यांचे पाचसहा ट्रॅक असतील, तर गायन रेकॉर्ड करण्यापूर्वी ते सगळे फ्रीझ करणे हा ८ जीबीच्या संगणकावरचा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. तानपुऱ्याचेही तसेच आहे. तो प्लगइनमधून थेट वाजत ठेवण्यापेक्षा हव्या त्या स्वरात आणि हव्या तेवढ्या लांबीचा एकदा ऑडिओ ट्रॅक म्हणून उतरवून घ्यावा, कारण संपूर्ण बैठकभर न बदलणाऱ्या आवाजासाठी दर ५ मिलिसेकंदांनी नव्याने गणित करत राहण्यात काहीच हशील नाही.

सॅम्पल वाद्ये वाजतीच ठेवावी लागणार असतील तर त्यांची अंतर्गत व्यवस्था पाहावी. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच्या कोन्टाक्टचे उदाहरण घेऊ. त्यात प्रत्येक सॅम्पलचा सुरुवातीचा छोटा भाग रॅममध्ये ठेवला जातो आणि उरलेला भाग स्वर वाजू लागल्यावर डिस्कवरून आणला जातो. या सुरुवातीच्या भागाचे माप मूळ सेटिंगमध्ये ६० केबी असते. लायब्ररी एसएसडीवर असेल तर ते बरेच कमी करता येते आणि हजारो सॅम्पलांच्या संचात त्याने मोठी बचत होते. फिरत्या डिस्कवर मात्र ते कमी करू नये, कारण तेथे स्वर तुटतात. दुसरी सोय पर्ज या मेनूत आहे. प्रथम खुणा पुसाव्यात, मग संपूर्ण गाणे एकदा वाजवावे आणि शेवटी सॅम्पल पूल अद्ययावत करण्याची आज्ञा द्यावी. गाण्यात प्रत्यक्ष वाजलेले स्वर तेवढे रॅममध्ये राहतात आणि बाकीचे निघून जातात. दोन सप्तकांत फिरणाऱ्या साथीसाठी पूर्ण पियानो भरून ठेवण्याचे कारण उरत नाही.

सॅम्पल रेटचा निर्णयही येथेच येतो. ९६ किलोहर्ट्‌झवर काम केल्यास डिस्कची जागा, बफरची मेमरी आणि प्लगइनचे गणित ही तिन्ही साधारण दुप्पट होतात. गायन आणि साथसंगतीच्या घरगुती रेकॉर्डिंगला ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिट पुरेसे आहे. उरलेली ताकद स्थिरतेसाठी राखून ठेवणे अधिक शहाणपणाचे वाटते.

बफरचे माप: रेकॉर्डिंगचे वेगळे, मिक्सिंगचे वेगळे

४८ किलोहर्ट्‌झवर ६४ सॅम्पलचा बफर म्हणजे १.३ मिलिसेकंद, १२८ म्हणजे २.७, ५१२ म्हणजे १०.७ आणि १०२४ म्हणजे २१.३ मिलिसेकंद. आवाज आत येताना आणि बाहेर जाताना असे दोनदा थांबतो आणि त्यात इंटरफेसचा स्वतःचा वेळ मिळवला जातो. गायकाने हेडफोनमध्ये स्वतःला सॉफ्टवेअरमार्फत ऐकायचे असेल तर १२८ किंवा २५६ ठेवावे लागते. परंतु बहुतेक इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरची कळ किंवा खुंटी असते. ती वापरली की गायकाचा आवाज संगणकात न शिरता थेट हेडफोनमध्ये पोहोचतो आणि बफर निर्धास्तपणे ५१२ किंवा १०२४ ठेवता येतो. मग सॉफ्टवेअरमधील त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग बंद करायला विसरू नये, नाहीतर एकच आवाज दोनदा ऐकू येतो. कमी बफरची ओढ सोडून डायरेक्ट मॉनिटरकडे वळणे, हा लांब टेकसाठी मी सुचवेन असा पहिला बदल आहे.

रीपरमध्ये ‘अँटिसिपेटिव्ह एफएक्स’ नावाची सोय मूळ सेटिंगमध्ये चालूच असते. रेकॉर्डिंगसाठी सज्ज न केलेल्या ट्रॅकचे गणित ती मूळ मापाप्रमाणे सुमारे २०० मिलिसेकंद आधीच करून ठेवते, त्यामुळे त्यांच्यावर बफरच्या मुदतीचा ताण येत नाही. सज्ज केलेल्या ट्रॅकला हा लाभ मिळत नाही. म्हणून ज्या ट्रॅकवर आत्ता गायचे आहे तेवढाच सज्ज ठेवावा. आधीच्या टेकचे ट्रॅक लाल खुणेसह तसेच सोडून दिले तर त्यांची प्लगइन विनाकारण त्या काटेकोर मुदतीत ओढली जातात.

शांतता असताना प्रोसेसरचा वापर वाढतो, असा उलटा अनुभव कधी आला तर एक विशिष्ट कारण तपासावे. रिव्हर्बची शेपटी विरत जाते तेव्हा तिचे आकडे शून्याच्या इतके जवळ जातात की काही प्रोसेसरना ते हाताळायला नेहमीच्या कितीतरी पट वेळ लागतो. आजची बहुतेक सॉफ्टवेअर असे आकडे सरळ शून्य धरतात, परंतु जुन्या प्लगइनांत हा दोष अजून सापडतो. ते प्लगइन बदलणे किंवा त्या ट्रॅकला फ्रीझ करणे, हाच त्यावर व्यवहार्य उपाय.

विंडोजची तयारी

पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवावा आणि त्याच्या प्रगत सेटिंगमधील यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करावे. अन्यथा इंटरफेस अधूनमधून गायब होऊ शकतो. इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (कमी उशिराने आवाजाची ने-आण करणारा) वापरावा. मोजमापाने पाहायचे असेल तर लेटन्सीमॉन हे साधन चालू ठेवून दहा मिनिटे थांबावे; कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून ठेवतो, हे ते दाखवते. वायफायचा ड्रायव्हर त्यात वारंवार दोषी आढळतो, म्हणून टेक घेताना वायफाय बंद ठेवणे हिताचे.

पुष्कळ संगणकांवर डॉक्युमेंट्स हा फोल्डर आपोआप वनड्राइव्हशी जोडलेला असतो. रेकॉर्डिंगच्या वाढत जाणाऱ्या फाइल त्या फोल्डरमध्ये असल्या की त्यांना ढगात (इंटरनेटवरील साठ्यात) पाठवण्याचा प्रयत्न त्याच वेळी सुरू होतो. म्हणून प्रोजेक्टसाठी त्याबाहेर वेगळा फोल्डर करावा, विंडोज सिक्युरिटीच्या अपवादांच्या यादीत फक्त तोच फोल्डर घालावा आणि काम संपल्यावर त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर किंवा ढगात ठेवावी. डिस्क ८० ते ८५ टक्क्यांपलीकडे भरू देऊ नये. पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्डवर थेट रेकॉर्ड करू नये. त्यांचा सरासरी वेग पुरेसा असला तरी लिहिताना मध्येच ती क्षणभर थांबतात, आणि एफएटी३२ पद्धतीच्या साधनांवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतही नाही.

फाइल, सेव्ह आणि वीज

साध्या वेव्ह फाइललाही जवळपास ४ जीबीची मर्यादा आहे, कारण तिच्या शीर्षभागात लांबी ३२ बिटमध्ये लिहिली जाते. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ स्टिरिओ रेकॉर्डिंग सुमारे चार तासांत त्या मर्यादेला पोहोचते आणि ९६ किलोहर्ट्‌झवर सुमारे दोन तासांतच. रात्रभर चालणाऱ्या भजनाचे किंवा लांबलेल्या कीर्तनाचे रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी रीपरच्या प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये वेव्हच्या पर्यायांत जाऊन मोठ्या फाइलसाठी आरएफ६४ किंवा वेव्ह६४ निवडलेले आहे, याची खात्री आधीच करावी.

पहिला टेक घेण्यापूर्वीच प्रोजेक्टला नाव देऊन स्वतंत्र फोल्डरमध्ये सेव्ह करावे. ऑटोसेव्ह चालू ठेवावे, वेळेचा शिक्का असलेल्या प्रती निवडाव्यात आणि रेकॉर्डिंग चालू नसतानाच सेव्ह व्हावे असा पर्याय घ्यावा, कारण प्लगइनांची सगळी माहिती गोळा करून लिहिताना मोठा प्रोजेक्ट क्षणभर अडखळू शकतो. आवाजाच्या फाइल तशाही डिस्कवर उतरतच असतात. ऑटोसेव्ह जपते ती संपादनाची माहिती.

ऑडॅसिटीची पद्धत निराळी आहे. मार्च २०२१ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून तिचा संपूर्ण प्रोजेक्ट एकाच फाइलमध्ये, एसक्यूलाइट डेटाबेसच्या रूपात राहतो. आधीच्या आवृत्त्यांत शेकडो छोट्या फाइल असत आणि त्यातली एखादी हरवली की आवाजात भोक पडे. तो धोका गेला. पण या एका फाइलशेजारी काम चालू असताना दुसरी तात्पुरती फाइलही असते आणि ताजे बदल तिच्यात असू शकतात. म्हणून प्रोजेक्ट उघडा असताना त्याची फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करून कोणाला देऊ नये. आधी ऑडॅसिटीत प्रोजेक्ट बंद करावा. पूर्ववत करण्याचा इतिहासही याच फाइलमध्ये साठतो. तासाभराचे स्टिरिओ रेकॉर्डिंग ४४.१ किलोहर्ट्‌झ आणि ३२ बिट फ्लोटमध्ये सुमारे १.२७ जीबीचे होते, आणि संपूर्ण रेकॉर्डिंगवर एकेक इफेक्ट लावला की दर वेळी तेवढीच भर पडते. हिस्टरीची खिडकी उघडून जुने टप्पे काढून टाकता येतात. प्रोजेक्ट बंद करताना फाइल पुन्हा आटोपशीर होते.

वीज जाणे ही आपल्याकडची वास्तव अडचण आहे. लॅपटॉपची बॅटरी धड असावी आणि इंटरफेस यूएसबीवरच चालणारा असावा, म्हणजे वीज गेली तरी टेक चालू राहतो. डेस्कटॉप असेल तर संगणक आणि इंटरफेस दोन्ही यूपीएसवर हवेत.

एवढे करूनही संगणक मध्येच बंद पडला आणि वेव्ह फाइल उघडेना, तर ती पुसू नये. बहुतेक वेळा आवाज फाइलमध्ये असतो, फक्त शीर्षभागात लांबी लिहायची राहून गेलेली असते. प्रथम त्या फाइलची प्रत काढावी आणि मूळ फाइल बाजूला ठेवावी. मग ऑडॅसिटीत फाइल मेनूतील इम्पोर्टमधून रॉ डेटा हा पर्याय घ्यावा. २४ बिट पीसीएम, लिट्ल-एंडियन, योग्य चॅनेल आणि योग्य सॅम्पल रेट निवडावा, आणि सुरुवातीचे ४४ बाइट सोडायला सांगावे. आवाजाऐवजी नुसता गोंगाट आला तर निराश होऊ नये. २४ बिटचे प्रत्येक सॅम्पल तीन बाइटचे असते आणि शीर्षभाग थोडा लांब असेल तर तुकडे चुकीच्या जागी पडतात. सोडायच्या बाइटांचा आकडा एकाने, मग दोनाने वाढवून पाहावा. तिन्हींपैकी एका आकड्यावर गाणे स्वच्छ ऐकू येते. स्टिरिओत डावे-उजवे उलटलेले आढळले तर आणखी तीन बाइट सोडावेत.

नवी आवृत्ती घेताना

प्रत्येक नव्या आवृत्तीत मेमरीविषयीच्या दुरुस्त्या असतात, म्हणून वर्षानुवर्षे जुन्या आवृत्तीवर राहणे योग्य नाही. पण गाणे अर्धवट असताना आवृत्ती बदलणेही योग्य नाही. बदलांच्या यादीत आपल्याला भेडसावणाऱ्या दोषाचा उल्लेख आहे का, हे पाहावे. रीपरच्या इन्स्टॉलरमध्ये पोर्टेबल इन्स्टॉलची सोय आहे. तिने नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये बसते आणि जुनी जागच्या जागी राहते. नव्या आवृत्तीत जुन्या प्रोजेक्टची प्रत उघडावी, मूळ प्रोजेक्ट उघडू नये. मग परफॉर्मन्स मीटरमधील तेच आकडे, त्याच बफरवर, पुन्हा वहीत उतरवावेत आणि आधीच्या नोंदींशी ताडून पाहावेत. फ्रीझ आणि अनफ्रीझ, लांब टेक, प्रोजेक्ट उघडणे-मिटणे एवढे तपासून आकडे समाधानकारक आले, तर पुढच्या नव्या गाण्यापासून ती आवृत्ती वापरावी.

पूर्ण झालेल्या गाण्याचा प्रत्येक ट्रॅक शून्यापासून सुरू होणाऱ्या स्वतंत्र वेव्ह फाइलमध्ये, एकदा परिणामाशिवाय आणि एकदा परिणामासहित उतरवून ठेवावा. त्या फोल्डरमध्ये एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लय, सॅम्पल रेट, रीपरची आवृत्ती आणि वापरलेल्या प्लगइनांची नावे त्यांच्या आवृत्त्यांसह लिहावीत. पुढे एखादे प्लगइन चालेनासे झाले तरी त्या फाइल कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये एकाच रेषेत मांडून गाणे पुन्हा उभे करता येते.